कावीळ उतरते, पण कोणामुळे?

सिंधुदुर्गात कावीळ झालेल्या माणसाला औषधाची वाण पडत नाही. अमक्याचे डोळे पिवळे दिसतात, एवढी बातमी वाडीत फिरायची खोटी, संध्याकाळपर्यंत निदान तीन पत्ते घरपोच येतात. कोणी माळ देणारा असतो, कोणी नाकात थेंब घालणारा, कोणी चुन्याच्या निवळीत हात धुवून कावीळ 'उतरवणारा'. प्रत्येक पत्त्याबरोबर एक जिवंत साक्षीदारही असतो. "आमच्या बाबल्याक आठ दिवसांत गुण इलो." आणि शेवटी ते ठरलेले वाक्य येते : "डॉक्टराच्या हातात कावीळ नाय, ती गावठीच व्हयी."

आरोंद्यासारख्या गावात तर हा प्रश्न वाटांचाच होऊन बसतो. सावंतवाडी तालुक्यातले हे तेरेखोल खाडीच्या काठचे गाव. माडांच्या बागा, खारफुटी, सातेरी-भद्रकालीचे देऊळ, आणि पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवा. आजारी माणसाला इथून तीन वाटा. एक शिरोड्याला, दुसरी सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे, तिसरी पुलावरून पेडणे, म्हापसा आणि फारच झाले तर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. चौथी वाट गावठी औषधाची. ती सर्वांत जवळची, सर्वांत स्वस्त, शिवाय तिथे कोणी सुई टोचून रक्त काढीत नाही.

या चौथ्या वाटेने जाणारी बहुतेक माणसे बरी होतात, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ते नाकारणाऱ्या शहरी माणसावर गाव विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न ती बरी कशाने होतात, हा आहे.

मुळात कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते उचलते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली की हे काम तुंबते. एरवी रक्तात एक मिलिग्रॅमच्या आसपास असणारे बिलिरुबिन अडीच-तीनच्या वर गेले की डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळी झाक दिसू लागते. सूज आणणारे विषाणू मुख्यतः पाच : ए, बी, सी, डी आणि ई. त्यांपैकी ए आणि ई हे पोटातून येतात, म्हणजे आजारी माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. बी, सी आणि डी हे रक्तातून येतात : दुसऱ्याला वापरलेली सुई, न तपासलेले रक्त, वस्तरा, शरीरसंबंध, किंवा बाळंतपणात आईकडून मूल.

गावात साथीने येणारी कावीळ बहुधा ए किंवा ई असते. या दोहोंवर नेमके औषध आजही नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. शरीर स्वतःच विषाणूला हटवते, यकृत स्वतःला दुरुस्त करून घेते, आणि चार ते सहा आठवड्यांत माणूस उठून कामाला लागतो. प्रौढ माणसाला नव्याने झालेली बी कावीळसुद्धा शंभरात पंचाण्णव जणांत आपोआप हटते. म्हणजे ज्याने माळ घातली तो बरा होतो, ज्याने थेंब घातले तो बरा होतो, ज्याने महागड्या 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्या रिचवल्या तो बरा होतो, आणि ज्याने यातले काहीच केले नाही तोही बरा होतो.

माझी नोकरी बँकेतली. आमच्याकडे एखादी रक्कम चुकीच्या खात्यावर जमा झाली तर दिवसअखेरीची बेरीज तरीही जुळते. म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. काविळीचे तसेच झाले आहे. जमा व्हायला हवी शरीराच्या आणि वेळेच्या खात्यावर. होते माळेच्या खात्यावर.

माळेचे कसब साधे आहे. ओल्या काड्यांचे किंवा मुळ्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंफलेले असतात. काड्या वाळून आकसल्या की फास सैल पडतात आणि माळ लांब होते. डोक्यावरची गळ्यात येते, गळ्यातली पोटावर. तीच माळ खुंटीला टांगून ठेवली तरी तितकीच वाढते. निवळीत पिवळे पाणी उतरते ते आंब्याच्या सालीचा रस हाताला आधी चोळलेला असतो म्हणून. निरोगी माणसाच्या हातांचेही ते तसेच उतरेल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव करून दाखवत आले आहेत. कडू रसाचे थेंब घातल्यावर नाकातून वाहते ते पित्त नसते, चुरचुरलेल्या नाकाने गाळलेले पाणी असते. आणि तापल्या लोखंडाने मुलाच्या हातावर दिलेला डाग हा केवळ भाजलेला डाग असतो.

सगळी वनस्पती-औषधे याच पंक्तीला बसवावीत असे मी म्हणणार नाही. आपल्या अंगणात उगवणाऱ्या भुईआवळीची मोठ्या वैज्ञानिकांनी दखल घेतली होती. 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू ज्यांच्या शोधामुळे हाती लागला आणि ज्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते बरूच ब्लुमबर्ग आणि मद्रासचे त्यागराजन यांनी १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भुईआवळीचा बी विषाणूवर गुण येत असल्याचा निबंध प्रसिद्ध केला. नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत मात्र तसा गुण दिसून आला नाही. शास्त्राची रीत ही अशी : आशा वाटली तरी पुन्हा मोजून पाहायचे. उलट बाजूचे उदाहरणही जवळचेच आहे. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून लोकांनी गुळवेलीचे काढे प्यायला सुरुवात केली. तेव्हा मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. पण सुजलेल्या यकृतावर घटक ठाऊक नसलेला काढा ओतू नये, एवढे शहाणपण त्यातून घ्यायला कोणाची हरकत नसावी.

आता हिशेबाची दुसरी बाजू. १९८८-८९ च्या सुमारास मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. आमच्या शिपायाच्या सुनेला सातव्या महिन्यात कावीळ झाली. माळ आणली. पाचव्या दिवशी तो सांगत होता, "आता बरी निजता, साहेब. दिवसभर निजानच आसा." रात्री मात्र ती उठून घरात फिरे आणि विचारलेल्याला भलतीच उत्तरे देई. सातव्या दिवशी जीप करून तिला इस्पितळात नेली, तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. ती गेली, पोटातले मूलही गेले. दिवसकार्यानंतर तो कामावर आला तेव्हा म्हणाला, "माळ छातीपर्यंत इली होती. इस्पितळात नेली आणि गेली."

बरे झालेल्यांची जमा माळेकडे, आणि मेलेल्यांची रक्कम नावे इस्पितळाच्या. असे खाते पिढ्यान् पिढ्या चालले तर गावाने माळेवर विश्वास ठेवू नये तरी का? त्या शिपायाला दोष देण्याचे मला तेव्हाही सुचले नाही. दिवसा झोप आणि रात्री जाग हे बरे होण्याचे नव्हे, यकृत हात टेकत असल्याचे लक्षण आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

त्या मुलीला कुठली कावीळ होती हे कागदावर कधीच आले नाही. पण आजचा डॉक्टर तिची हकीकत ऐकून पहिला संशय 'ई'चा घेईल. हा विषाणू एरवी मवाळ, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गर्भवतीला तो झाला तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. याच्या शोधाची कथा आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत यमुनेत मागे सरकले. अधिकाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. विषमज्वराची साथ टळली. पण काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू तरला. जपून ठेवलेले त्या साथीतले रक्तद्रव, १९७५-७६ च्या अहमदाबादच्या आणि १९७८-७९ च्या पुण्याच्या रुग्णांचे रक्तद्रव असे सारे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खुर्शीद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांबरोबर तपासले. ही कावीळ 'ए' नाही आणि 'बी'ही नाही, हे १९८० मध्ये जगापुढे आले. १९८३ मध्ये रशियन वैज्ञानिक मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तोच पुढे 'ई' ठरला. आणि तो इतिहासात जमा झालेला नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत त्याची मोठी साथ आली, माणसे दगावली.

तेव्हा डोळे पिवळे दिसले की पहिला प्रश्न 'औषध काय?' हा नसून 'कावीळ कुठली?' हा आहे. विषाणूच्या काविळीची चाल ओळखीची असते. आधी चार-सहा दिवस कणकण, अन्नावरची वासना उडणे, मळमळ. विडी ओढणाऱ्याला विडीचाही तिटकारा येतो. मग लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. डोळे त्यानंतर पिवळे होतात, आणि ते होताना ताप बहुधा उतरतो. हा शेवटचा मुद्दा भातशेतीच्या मुलुखात फार मोलाचा. कावीळ दिसल्यावरही ताप चढाच राहिला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांना उंदरांच्या मुतातून होणारा हा रोग सिंधुदुर्गाला नवा नाही. त्याला प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेवर दिली तर जीव वाचतो. इथे माळेत घालवलेले चार दिवस परत मिळत नाहीत. मलेरियाही असाच तपासून घ्यावा लागतो. पांढुरके शौच आणि अंगभर खाज असेल तर पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली आहे का, हे सोनोग्राफी सांगते. रोज दारू पिणाऱ्याची, क्षयाच्या गोळ्या चालू असणाऱ्याची आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मुठीने खाणाऱ्याची कावीळ आणखी वेगळी. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर दारू, गोळ्या, काढे, सगळे खरे सांगावे. तिथे लाजून चालत नाही.

रक्ताच्या तपासणीचा कागद हाती आला की घरातले सगळे बिलिरुबिनच्या आकड्यावर बोट ठेवतात. दुसरा आकडा एसजीपीटीचा. तो एरवी चाळिशीच्या आत असतो, ताज्या विषाणू-काविळीत शेकड्यांवर, कधी हजारांवर जातो आणि पाहणाऱ्याची छाती दडपते. पण खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे, त्याचे नाव प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा आयएनआर. रक्त गोठवणारी द्रव्ये यकृत तयार करते. ते थकले की रक्त गोठायला उशीर लागतो. एसजीपीटी यकृताला किती मार बसला ते सांगतो, आयएनआर यकृतात अजून किती जीव आहे ते सांगतो. एसजीपीटी खाली येत असताना बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील तर ती सुधारणा नव्हे. आयएनआर दीडच्या वर गेला आणि त्यात माणूस बरळू लागला तर एक तासही दवडू नये. अतिदक्षता आणि प्रसंगी यकृतारोपण जिथे होते, तिथे त्याला हलवण्याची बोलणी लगेच सुरू व्हावीत. विषाणूची जात ठरवायला ए आणि ई यांच्या आयजीएम चाचण्या, बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी वेगळी चाचणी असते.

राहिली शुश्रूषा. आपल्याकडे कावीळ झालेल्या माणसाला आजारापेक्षा पथ्य जास्त छळते. हळद बंद, कारण ती पिवळी. तूरडाळ बंद, तीही पिवळी. तेल, तूप, नारळ, मासे बंद. मग उरतो उसाचा रस, आणि तो रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला, कुठल्या पाण्याचा कोण जाणे असा बर्फ घातलेला! हळदीने कोणाचे डोळे पिवळे होत नाहीत. यकृताला दुरुस्तीसाठी अन्न हवे असते. रुचेल ते, घरी शिजवलेले, थोडे थोडे द्यावे. मळमळ दुपारनंतर वाढते, तेव्हा सकाळीच पोटभर खाऊ घालावे. पेज, मऊभात, आमटी, मासळी, सगळे चालते. ज्याच्या पोटात पाणीही ठरत नाही त्यालाच सलाइन. विश्रांती थकव्याच्या मानाने. दारू निदान सहा महिने बंद. कुठलीही गोळी, अगदी तापाचीसुद्धा, डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. शौचानंतर साबणाने हात, आणि आजाऱ्याने काही आठवडे दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये. ए आणि ईला एवढे पुरते. बी आणि सी निघाले तर मात्र पुढे पाठपुरावा हवाच, कारण ते आत दडून बसू शकतात. जन्मतःच बीची लागण झालेल्या दहांपैकी नऊ मुलांत तो कायमचा घर करतो, म्हणून बाळाला पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांत टोचायची असते. सीवर आता सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांचा उपाय आहे आणि तो शंभरात पंचाण्णवांहून अधिक जणांना बरे करतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

कावीळ घरात येते ती विहिरीतून, हे मात्र आपण सोयिस्करपणे विसरतो. खाडीकाठच्या गावांत मे महिन्यात बऱ्याच विहिरी मचूळ होतात आणि उरलेल्या गोड्या विहिरीवर सगळ्या वाडीचा भार पडतो. जमीन जांभ्याची. जांभा पाणी गाळत नाही, त्याच्या भोकांतून पाणी वाट काढते. वरच्या अंगाला कोणी शोषखड्डा खणला की खालच्या अंगाच्या विहिरीला त्याचा प्रसाद मिळतो. दोहोंत पन्नास फुटांचे अंतर हे अगदी किमान, जांभ्यात त्याहून जास्त हवे. पहिल्या पावसाने गढूळ झालेल्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली तरी तिचा निम्मा जोर गाळाशीच खर्च होतो, आणि पोते उघडे राहून दमट झाले असेल तर उरलेलाही जातो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट केली का, असे विचारायला कोणी संकोच करू नये. आणि चतुर्थीला चाकरमान्यांनी घर भरले की प्यायचे पाणी खळखळून उकळावे. दिल्लीला क्लोरीनने जे साधले नाही ते चुलीवरच्या टोपाला साधते.

या विषाणूंचा आणखी एक डाव म्हणजे उशीर. पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत 'ए'ला साधारण चार आठवडे, 'ई'ला दोनपासून नऊ-दहा आठवडे लागतात. शिमग्यात प्यालेले पाणी रामनवमी उलटल्यावर, कदाचित मुंबईच्या खोलीत, डोळ्यांत उतरते. तोवर पालखीही विसरलेली असते आणि विहीरही. दुसरे असे की पूर्वी 'ए' लहानपणीच, नकळत होऊन जाई. आता घरे स्वच्छ झाली, मुले त्याच्या तावडीतून सुटतात आणि मोठेपणी सापडतात. आणि वाढत्या वयात हा आजार अधिक कडक असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२४ मध्ये 'ए'ची मोठी साथ आली, ती याच बदलत्या काळातली. त्याची लस उपलब्ध आहे. ती घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

घरच्या माणसांच्या हाती कावीळ बरी करणे नसते. लक्ष ठेवणे असते, आणि तेच खरे औषध आहे. कावीळ असलेल्या घरात एक वही ठेवावी. ताप किती, उलट्या किती, लघवीचा रंग कसा, झोप केव्हा आणि किती, हे रोज लिहावे. आज वार कोणता, तिथी कोणती, हे आजाऱ्याला सहज विचारावे. आणि रोज सकाळी त्याच वहीत त्याची सही घ्यावी. मी तीस वर्षे सह्या पडताळल्या. हात थरथरला, अक्षर फाटले की आम्ही चेक बाजूला काढीत असू. यकृत थकून मेंदूवर गुंगी येऊ लागली की अक्षर बिघडते, डॉक्टरही रोग्याकडून सही करवून किंवा चांदणी काढवून हे पाहतात. सही येत नसेल त्याने चांदणी काढावी. कालची आणि आजची शेजारी ठेवून पाहायला वैद्यकी शिकावी लागत नाही.

सही बदलली, दिवसाची झोप वाढली, चिडचिड किंवा बरळणे सुरू झाले, हिरड्यांतून रक्त आले, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगले, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करावा. आणि घरात गर्भवतीला कावीळ झाली असेल तर यातल्या एकाही लक्षणाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी इस्पितळाची वाट धरावी. माळ गळ्यात असली तर असू दे. डॉक्टर ती काढायला सांगणार नाहीत. फक्त तिच्या उतरण्याची वाट पाहत घरी थांबू नये.